स्विंग बरा असूनही कार्ड बिघडते: तीन-चार होलवर होणाऱ्या पडझडीचे निवारण

सरावात चेंडू नीट लागतो, फेरीतील बहुतेक होल समाधानकारक जातात आणि तरीही शेवटी बेरीज नेहमीच्याच आकड्यावर येऊन थांबते, ही गोल्फमधील फार जुनी तक्रार आहे. माझ्या स्वतःच्या खेळात हा दोष तीन वेळा शिरला आणि तिन्ही वेळा स्विंगला हात न लावता तो दूर झाला. त्यानंतर सोबतच्या अनेक खेळाडूंची कार्डे मी त्यांच्याबरोबर बसून तपासली आणि बहुतेकांच्या बाबतीत बिघाड त्याच जागी सापडला. तो हातांत किंवा खांद्यांत नव्हता, तर फटका मारण्याआधीच्या अर्ध्या मिनिटात घेतलेल्या निर्णयात होता.

लक्षणे

अठरापैकी चौदा-पंधरा होलवर पार (त्या होलसाठी ठरवलेले फटके) किंवा बोगी (पारपेक्षा एक जास्त) पडते, पण उरलेल्या तीन-चार होलवर एकदम सात, आठ, कधी नऊ फटके लागतात. वाईट होल बहुधा एका वाईट फटक्याने सुरू होतो, पण खरे नुकसान त्याच्या पुढच्या फटक्यात होते. ग्रीनकडे (होलभोवतीच्या बारीक गवताच्या भागाकडे) मारलेले फटके बाजूला जाण्यापेक्षा आखूड पडण्याचे प्रमाण जास्त असते. फेरीनंतर विचारले असता खेळाडू झाडांमधून काढलेल्या एका अप्रतिम फटक्याची आठवण सांगतो, पण त्याच झाडांत अडकलेले चार फटके त्याला आठवत नाहीत. ही लक्षणे जुळत असतील तर पुढील तपासण्या त्याच क्रमाने कराव्यात. याउलट प्रत्येक होलवर सारखेच एक-दोन फटके जास्त जात असतील, तर तो वेगळा दोष आहे आणि त्यासाठी थेट शेवटच्या भागाकडे वळावे.

पहिली तपासणी: जुनी कार्डे

याला एक पेन्सिल आणि वीस मिनिटे एवढाच खर्च येतो. मागील पाच फेऱ्यांची कार्डे घ्यावीत आणि डबल बोगी (पारपेक्षा दोन जास्त) किंवा त्याहून वाईट झालेल्या प्रत्येक होलभोवती वर्तुळ काढावे. मग त्या होलवर नेमके काय घडले ते आठवून बाजूला एकच शब्द लिहावा: दंड, झाड, बंकर, आखूड, तीन पट. (बंकर म्हणजे वाळूचा खड्डा, आणि पट म्हणजे ग्रीनवर चेंडू होलकडे घरंगळत नेणारा फटका.) पाच कार्डांत एकच शब्द पुन्हापुन्हा आला, तर निम्मे निदान तिथेच झाले.

ही तपासणी सर्वांत आधी करण्याचे कारण आकडेमोडीत आहे. पार ७२ च्या मैदानावर पंधरा होल बोगीने खेळून उरलेल्या तीन होलवर पारपेक्षा प्रत्येकी तीन फटके जास्त घेतले, तर बेरीज ९६ होते. तेच तीन होल बोगीवर थांबवले तर ती ९० होते. एकही बर्डी (पारपेक्षा एक कमी) न मारता आणि एकही पार न वाढवता सहा फटके परत मिळतात, आणि हेच सहा फटके स्विंग सुधारून मिळवायचे तर अनेक महिने जातात.

हँडिकॅपच्या (खेळाडूला मिळणाऱ्या फटक्यांच्या सवलतीच्या) आकड्यावर मात्र या कामासाठी विसंबू नये. २०२० पासून लागू झालेल्या जागतिक हँडिकॅप पद्धतीत शेवटच्या वीस फेऱ्यांपैकी उत्तम आठ फेऱ्या मोजल्या जातात आणि एका होलवरील कमाल गुण नेट डबल बोगीपर्यंत (पार अधिक दोन अधिक सवलतीचे फटके) मर्यादित केले जातात. प्रत्येक होलवर एक फटका सवलत मिळणाऱ्या खेळाडूने चारच्या पारवर नऊ मारले, तरी हँडिकॅपसाठी सातच धरले जातात. खेळाडूची क्षमता मोजण्यासाठी ही पद्धत योग्य आहे, पण आपण शोधत असलेला दोष ती झाकून टाकते. म्हणून प्रत्यक्ष मारलेले फटके लिहिलेले कच्चे कार्डच पाहावे.

दुसरी तपासणी: आपला स्वतःचा पार

कार्डावर छापलेला पार हा निष्णात खेळाडूसाठी ठरवलेला असतो. ज्याला कोर्स हँडिकॅपनुसार २४ फटके मिळतात, त्याला प्रत्येक होलवर एक आणि स्ट्रोक इंडेक्स (होलच्या अवघडपणाचा क्रम) १ ते ६ असलेल्या सहा होलवर आणखी एक फटका मिळतो. त्याच्यासाठी स्ट्रोक इंडेक्स ३ असलेला चारचा पार प्रत्यक्षात सहाचा पार आहे. फेरीपूर्वी कार्डावर हे आपले आकडे लिहून ठेवले की लांबलचक होलवर दुसऱ्या फटक्यात ग्रीन गाठण्याची सक्तीच उरत नाही, आणि ती सक्ती हेच बऱ्याच पडझडींचे मूळ असते.

याच वेळी आपण खेळत असलेली टीही (होलचा पहिला फटका मारायची जागा) तपासावी. चारच्या पारवर नीट बसलेल्या ड्राइव्हनंतरही (टीवरच्या लांब फटक्यानंतरही) दरवेळी हायब्रिड किंवा फेअरवे वुड असा लांब पल्ल्याचा क्लब हाती घ्यावा लागत असेल, तर पुढच्या टीवरून खेळावे. यात कोणताही कमीपणा नाही आणि खर्चही नाही.

तिसरी तपासणी: टीच्या चौकटीतील जागा

दोन खुणांच्या मध्ये आणि त्यांच्या मागे दोन क्लब-लांबींपर्यंत चेंडू कुठेही ठेवता येतो. चेंडू चौकटीत असला की पुरे; पाय बाहेर असले तरी चालतात. धोका उजवीकडे असेल तर उजव्या खुणेजवळ चेंडू ठेवावा, म्हणजे शरीर आपोआप धोक्यापासून दूर, फेअरवेच्या (टी आणि ग्रीनमधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या) डाव्या भागाकडे रोखले जाते. बहुतेक जण मधोमध उभे राहतात, कारण तिथले गवत बरे दिसते.

चौथी तपासणी: वाईट फटक्यानंतरचा फटका

माझ्या अनुभवात सर्वाधिक बिघाड इथेच सापडतो, म्हणून या तपासणीला घाई करू नये.

चेंडू झाडाखाली आहे, समोर दोन खोडांमध्ये फट दिसते आणि फटीपलीकडे ग्रीन आहे. अशा वेळी मनात एकच प्रश्न येतो: हा फटका जमेल का? हा प्रश्नच चुकीचा आहे, कारण त्याचे उत्तर जवळजवळ नेहमी ‘जमू शकेल’ असेच येते. त्याऐवजी विचारावे की दहा चेंडू मारले तर किती निघतील, आणि न निघालेल्यांचे काय होईल.

चारच्या पारवरील दुसरा फटका आहे असे धरू. दहापैकी तीन चेंडू फटीतून गेले आणि त्या तिन्हींवर उदारपणे पार, म्हणजे चार फटके, धरले; उरलेले सात चेंडू झाडाला लागून त्यांवर सात-सात फटके लागले. दहा चेंडूंचे एकूण ६१ फटके झाले. आता दुसरा पर्याय पाहू. वेजने किंवा आखूड आयर्नने (कमी पल्ल्याच्या क्लबने) चेंडू आडवा फेअरवेवर काढला, पुढच्या फटक्यात ग्रीनवर किंवा ग्रीनजवळ पोहोचलो, आणि निम्म्या वेळा पाच व निम्म्या वेळा सहा फटक्यांत होल संपला. दहा चेंडूंचे ५५ फटके. फट फायद्याची ठरायची असेल तर याच हिशेबाने दहापैकी पाचांहून जास्त चेंडू तिच्यातून निघायला हवेत, आणि तेही प्रत्येक वेळी पार पडेल असे गृहीत धरून. जो खेळाडू मोकळ्या फेअरवेवरूनही दहापैकी पाच चेंडू हव्या त्या रेषेत मारत नाही, त्याने मुळांवर पडलेल्या चेंडूकडून ही अपेक्षा ठेवणे हिशेबात बसत नाही.

गोल्फच्या इतिहासात याचे सर्वांत वेदनादायक उदाहरण १९९९ च्या ब्रिटिश ओपन स्पर्धेतले आहे. स्कॉटलंडमधील कार्नूस्टी मैदानाच्या शेवटच्या होलवर आलेल्या ज्यां व्हॅन दि व्हेल्डकडे तीन फटक्यांची आघाडी होती. चारच्या त्या पारवर सहा मारले तरी विजेतेपद त्याचे होते. त्याने टीवरून ड्रायव्हर (सर्वांत लांब पल्ल्याचा क्लब) मारला आणि चेंडू उजवीकडे वाहवत गेला, तरी सुदैवाने खेळता येण्याजोग्या जागी राहिला. तिथून वेजने पुढे सरकून मग ग्रीन गाठण्याचा मार्ग मोकळा होता. त्याने लांब पल्ल्याचा २-आयर्न घेतला. चेंडू प्रेक्षकांच्या सज्जाला लागून मागे दाट रफमध्ये (फेअरवेबाहेरच्या लांब गवतात) आला, तिसरा फटका बॅरी बर्न या ओढ्यात गेला, दंडानंतरचा पाचवा बंकरमध्ये, आणि शेवटी सात फटके लागले. त्यानंतरच्या तिघांच्या प्लेऑफमध्ये पॉल लॉरी जिंकला. सातवा फटका हा काही फुटांचा अवघड पट होता आणि तो त्याने धीराने आत घातला, हेही इथे नोंदवले पाहिजे. त्याचे कौशल्य त्या दिवशी कमी पडलेच नव्हते. अडचणीत सापडल्यावर ‘आता कमाल किती फटके परवडतील’ हा प्रश्न आधी विचारावा, असे मी प्रत्येकाला सांगतो ते याच होलमुळे.

दुरुस्तीचा नियम सोपा आहे: चेंडू अडचणीत गेला की पुढच्या फटक्याचे एकमेव काम म्हणजे त्यानंतरचा फटका मोकळेपणाने मारता येईल अशी जागा मिळवणे. हा नियम सलग पाच फेऱ्या अपवाद न करता पाळावा आणि मग कार्डावरची वर्तुळे पुन्हा मोजावीत. आणखी एक गोष्ट रफबद्दल. चेंडू लांब गवतात खोल बसला असेल तर गवत क्लबच्या मानेला पकडून त्याचे तोंड बंद करते, म्हणून तिथे लांब आयर्न किंवा वुड न घेता जास्त लॉफ्टचा (तोंड अधिक तिरके असलेला) क्लब घ्यावा. याउलट हलक्या रफमध्ये क्लब आणि चेंडू यांच्यामध्ये गवत येऊन फिरकी कमी होते आणि चेंडू अपेक्षेपेक्षा लांब पळतो. दोन्हींत फरक करायला शिकले की बरेच आकस्मिक धक्के टळतात.

पाचवी तपासणी: सुटकेचे नियम

अनेक खेळाडू धोक्याचे फटके मारतात कारण दुसरा पर्याय उपलब्ध आहे हे त्यांना ठाऊक नसते. पेनल्टी एरिया (पाणी वगैरेचा खुणांनी आखलेला भाग) सोडून मैदानावर कुठेही आपला चेंडू ‘अनप्लेएबल’ (खेळता न येण्याजोगा) ठरवण्याचा अधिकार खेळाडूला स्वतःला असतो. एक दंडफटका घेऊन तो आधीच्या जागेवरून पुन्हा मारू शकतो, होल आणि चेंडू यांना जोडणाऱ्या रेषेत मागे जाऊन ड्रॉप करू शकतो (चेंडू हातातून खाली सोडू शकतो), किंवा चेंडूपासून दोन क्लब-लांबींच्या आत, होलच्या जवळ न जाता ड्रॉप करू शकतो. चेंडू बंकरमध्ये असेल तर शेवटचे दोन पर्याय बंकरच्या आतच वापरावे लागतात. मात्र दोन दंडफटके घेऊन त्याच रेषेत बंकरबाहेर मागे येण्याची मुभाही आहे. उंच कडेच्या बंकरमध्ये तीन-चार फटके वाया घालवणाऱ्याला हा पर्याय स्वस्त पडतो.

पिवळ्या खुणांच्या पेनल्टी एरियातून एका दंडफटक्याने मागे जाता येते. लाल खुणा असतील तर चेंडूने जिथे कड ओलांडली त्या जागेपासून दोन क्लब-लांबींच्या आत बाजूलाही ड्रॉप मिळतो. चेंडू हरवण्याची किंवा हद्दीबाहेर जाण्याची शंका असेल तर शोधायला निघण्यापूर्वी ‘प्रोव्हिजनल’ (तात्पुरता चेंडू) असे स्पष्ट सांगून दुसरा चेंडू मारावा. २०१९ पासून शोधासाठी पाचऐवजी तीनच मिनिटे मिळतात, त्यामुळे हे पाऊल पूर्वीपेक्षा महत्त्वाचे झाले आहे.

सहावी तपासणी: क्लबांची खरी अंतरे

यासाठी रेंजवर (सरावाच्या मैदानावर) एक-दोन तास आणि चेंडूंच्या काही बादल्या लागतात. प्रत्येक आयर्नने दहा चेंडू मारावेत, सर्वांत लांबचे दोन आणि सर्वांत आखूड दोन बाजूला काढावेत आणि उरलेल्या सहांची सरासरी वहीत लिहावी. मोजायचे ते चेंडू हवेतून जाऊन जमिनीवर पडतो तिथपर्यंतचे अंतर. नंतरची घरंगळ त्यात धरू नये, कारण ग्रीनपुढचा बंकर घरंगळत ओलांडता येत नाही.

जवळजवळ प्रत्येकाच्या मनातले अंतर हे त्याच्या आयुष्यातल्या उत्तम फटक्याचे असते, सरासरी फटक्याचे नसते. समजा ग्रीनची पुढची कड १३५ यार्डांवर, झेंडा १५० वर आणि मागची कड १६५ वर आहे. ज्याचा ७-आयर्न क्वचित १५० आणि एरवी १४० जातो, तो झेंड्यासाठी ७-आयर्न घेतो. नेहमीचा फटका जेमतेम कडेवर पडतो आणि किंचित हुकलेला थेट पुढच्या बंकरमध्ये जातो. त्याने ६-आयर्न घेतला तर नेहमीचा फटका मधोमध पडतो, हुकलेलाही कडेपर्यंत पोहोचतो आणि उत्कृष्ट लागलेलासुद्धा ग्रीनच्या मागच्या भागात थांबतो. आखूड पडण्याचे लक्षण ज्याच्या कार्डावर आहे, त्याने पुढील तीन फेऱ्या ग्रीनच्या मध्यापर्यंतचे अंतर पाहून क्लब निवडावा आणि झेंडा कुठे आहे ते विसरावे. वाऱ्याचा विचार करताना एवढे ध्यानात ठेवावे की समोरचा वारा जितके अंतर खातो तितके मागचा वारा परत देत नाही.

सातवी तपासणी: फटक्यांचा पंखा आणि टीवरचा क्लब

रेंजवर ड्रायव्हरने वीस चेंडू एकाच लक्ष्याकडे मारावेत आणि सर्वांत डावीकडचा व सर्वांत उजवीकडचा यांतील अंतर अंदाजाने मोजावे. चेंडू एका रेषेत पडत नाहीत, ते पंख्यासारखे पसरतात, आणि नेम धरायचा तो हा सगळा पंखा डोळ्यांपुढे ठेवून. पंखा ६० यार्ड रुंद असेल आणि फेअरवेच्या मध्यापासून उजवीकडे २० यार्डांवर हद्द असेल, तर मधोमध नेम धरल्यावर पंख्याचा उजवा भाग हद्दीबाहेर जातो. नेम दहा-बारा यार्ड डावीकडे सरकवला की तो आत येतो आणि डावीकडच्या काही फटक्यांना फार तर रफ मिळते. हद्दीबाहेर गेलेला चेंडू दंड आणि अंतर मिळून साधारण दोन फटक्यांना पडतो. रफ सहसा त्याच्या एका छोट्या अंशाला.

सुरक्षित खेळ म्हणजे आखूड खेळ, असा अर्थ मात्र घेऊ नये. कोलंबिया विद्यापीठाच्या मार्क ब्रॉडी यांनी व्यावसायिक आणि हौशी खेळाडूंच्या फटक्यांचा जो अभ्यास केला, त्यातून लांब अंतराच्या फटक्यांचे महत्त्व पूर्वीच्या समजुतीपेक्षा बरेच अधिक असल्याचे पुढे आले. पंख्यात पाणी, हद्द किंवा दाट झाडी येत नसेल तर ड्रायव्हर मारावा. ती येत असेल आणि नेम सरकवूनही टळत नसेल, तरच आखूड क्लब घ्यावा. २००६ मध्ये रॉयल लिव्हरपूल मैदानावरील ब्रिटिश ओपन जिंकताना टायगर वूड्सने चार दिवसांत फक्त एकदा ड्रायव्हर वापरला, कारण कोरड्या, कडक मैदानावर चेंडू लांब पळत होता आणि ड्रायव्हरच्या टप्प्यात बंकर होते. २००७ च्या अमेरिकेतील मास्टर्स स्पर्धेत झॅक जॉन्सनने पाचच्या पारच्या सोळाही होलवर दुसऱ्या फटक्यात ग्रीन गाठण्याचा प्रयत्न केला नाही, आपल्या वेजवर भरवसा ठेवला, त्या होलवर पारपेक्षा ११ फटके वाचवले आणि स्पर्धा जिंकली. दोघांचे निर्णय त्या मैदानाला आणि आपापल्या बळाला धरून होते, म्हणून ते योग्य ठरले. तेच निर्णय दुसरीकडे जसेच्या तसे उचलणे चूक ठरेल.

आठवी तपासणी: तीन पट

वर्तुळांशेजारी ‘तीन पट’ हा शब्द वारंवार आला असेल तरच ही तपासणी करावी. अमेरिकेच्या व्यावसायिक दौऱ्यावरील खेळाडूसुद्धा ८ फुटांवरून साधारण निम्मेच पट आत घालतात, म्हणून दोष बहुधा दुसऱ्या पटचा नसून पहिला पट होलच्या फार पुढे किंवा फार अलीकडे थांबल्याचा असतो. दिशेपेक्षा अंतराचा सराव करावा: ३०, ४० आणि ५० फुटांवरून चेंडू होलभोवतीच्या तीन फुटांच्या वर्तुळात थांबवण्याचा. उताराच्या ग्रीनवर पुढचा पट चढावर उरेल असे पाहावे. याला आठवडे लागतात, म्हणून ती शेवटी ठेवली आहे.

कुठे थांबावे

वरील तपासण्या प्रामाणिकपणे सहा ते आठ फेऱ्या करूनही वर्तुळे कमी झाली नाहीत, तर डावपेच पुढे रेटू नयेत आणि मान्यताप्राप्त प्रशिक्षकाकडे जावे. काही बाबतींत तर एवढीही वाट पाहू नये. चेंडू एकदा खूप डावीकडे आणि पुढच्याच वेळी खूप उजवीकडे जात असेल तर पंख्याला मध्यच उरत नाही आणि नेम सरकवून काही साधत नाही. हा तंत्राचा दोष आहे. क्लबच्या मानेला चेंडू लागून तो काटकोनात उडणे, चेंडूचा फक्त माथा लागणे किंवा छोट्या पटच्या वेळी हाताला अनावर हिसका बसणे, हेही दोन-तीन फेऱ्यांहून जास्त टिकले तर एकट्याने दुरुस्त करू नये, कारण चुकीची दुरुस्ती सवय बनते आणि ती मोडायला मूळ दोषापेक्षा जास्त वेळ लागतो. प्रशिक्षकाकडे जाताना वर्तुळांची कार्डे आणि अंतरांची वही सोबत न्यावी; पहिल्या तासाचा बराच वेळ त्यामुळे वाचतो.

अंतरांच्या वहीत दोन लगतच्या आयर्नची अंतरे जवळजवळ सारखी आली, किंवा दोन क्लबांमध्ये वीस यार्डांहून मोठी पोकळी राहिली, तर क्लब-फिटरकडून लॉफ्ट आणि शाफ्ट (क्लबचा दांडा) तपासून घ्यावेत. नियमानुसार पिशवीत चौदाच क्लब ठेवता येतात, तेव्हा एक जागा वाया जाणे महागात पडते. नवे क्लब विकत घेण्याचा निर्णय मात्र ही मोजणी होईपर्यंत थांबवावा.

कंबर, मनगट किंवा कोपर फेरीनंतर दुखत असेल आणि ते दुसऱ्या दिवशीही दुखत राहिले, तर प्रशिक्षकाच्याही आधी डॉक्टरांना दाखवावे आणि त्यांनी परवानगी देईपर्यंत रेंजवरचा सराव बंद ठेवावा.